खुब्याचं बेअरिंग दुसऱ्यांदा बदलताना

मशीन डिझाईनच्या पेपरला बेअरिंगचं गणित हमखास येतं. त्यात एल-टेन लाइफ काढायचं असतं. एकाच जातीची शंभर बेअरिंग्ज एकाच लोडवर फिरवली, तर त्यातली नव्वद जितक्या फेऱ्यांपर्यंत टिकतात आणि दहा निकामी होतात, ते त्या बेअरिंगचं एल-टेन आयुष्य. आपण सूत्रात आकडे टाकतो, उत्तराखाली दोन रेघा मारतो आणि मोकळे होतो. पण हेच गणित माणसाच्या खुब्याला लावलं तर?

ही कल्पना मी उगीच काढलेली नाही. 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमध्ये खुबा बदललेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद राहते. त्या नोंदींवरून असं दिसलं की बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे 89 टक्के 15 वर्षं टिकतात, 70 टक्के 20 वर्षं आणि 58 टक्के 25 वर्षं. म्हणजे आपल्या भाषेत कृत्रिम खुब्याचं एल-टेन आयुष्य साधारण 15 वर्षांचं झालं. सत्तरीतल्या आजोबांसाठी हे उत्तमच आहे. पण पेशंट सव्वीस वर्षांचा असेल तर? त्याला ते बेअरिंग आयुष्यात पुन्हा बदलावं लागणार, कदाचित दोनदासुद्धा. या दुसऱ्या वेळच्या ऑपरेशनला रिव्हिजन म्हणतात, आणि मला लिहायचंय ते त्याच्याबद्दल. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे काही ठिकाणी मराठी शब्द सापडला नाही की इंग्रजीच वापरलाय. मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

आधी खुब्यावर लोड किती येतो ते पाहू. चालताना एक पाय उचलला की शरीराचं जवळपास सगळं वजन दुसऱ्या पायाच्या खुब्यावर येतं. पण शरीराचा गुरुत्वमध्य खुब्याच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे कंबर उचललेल्या पायाकडे झुकायला बघते. तिला बाहेरच्या बाजूचे स्नायू ओढून धरतात. स्नायूंचा लिव्हर आर्म गुरुत्वमध्याच्या आर्मच्या साधारण निम्माच असतो, म्हणजे त्यांना वजनाच्या जवळपास दुप्पट ओढ लावावी लागते. फ्री बॉडी डायग्राम काढा, सांध्यावरचं बल शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट निघतं. 60 किलोचा माणूस नुसता चालला तरी खुब्यावर दीडशे-पावणेदोनशे किलो! ठेच लागली तर याहून कितीतरी जास्त. आणि असे फेरे वर्षाला किती, तर प्रयोगशाळेत कृत्रिम खुबे तपासताना एका वर्षासाठी ढोबळमानाने दहा लाख धरतात.

याच आकृतीतून आणखी एक गोष्ट निघते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. डावा हात उजव्या खुब्यापासून लांब असतो, म्हणून काठीवर थोडा जोर दिला तरी मोमेंट मोठा मिळतो आणि स्नायूंचं काम हलकं होतं. आपल्याकडे बरेच लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. घरी जाऊन बघा.

आजचा कृत्रिम खुबा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जॉन चार्नली हा इंग्रज डॉक्टर. मला तो डॉक्टरपेक्षा मेकॅनिकलवालाच जास्त वाटतो. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्याच्या टोकाला छोटा बॉल, कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी आणि दोन्ही पक्कं बसवायला ॲक्रिलिक सिमेंट. हे सिमेंट चिकटवत नाही बरं का! फटी भरून लोड पसरवतं, आपण मशीनच्या फाउंडेशनला ग्राउट भरतो तसं. वाटीसाठी त्याने आधी टेफ्लॉन निवडलं, कारण घर्षण सगळ्यात कमी. सुमारे 300 खुबे त्याने असे बसवले. पेशंट खूश, डॉक्टर खूश. आणि दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून भोकं पडायला लागली. नुसती झीज असती तरी एक वेळ चाललं असतं, पण झिजलेल्या भुकटीभोवती शरीरात गाठी झाल्या आणि हाड खराब होऊ लागलं. चार्नलीने ती भुकटी स्वतःच्याच मांडीत टोचून घेऊन पाहिली, तिथेही गाठ आली. मग एकेक खुबा त्याला पुन्हा उघडावा लागला.

पुढचा भाग कापसाच्या जिल्ह्यातल्या आपल्या लोकांना आवडेल. 1962 साली एक विक्रेता त्याच्या प्रयोगशाळेत अति-उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन आला. हे प्लास्टिक कापडगिरणीतल्या मागांच्या गिअरसाठी वापरत असत. चार्नलीला त्यात काही राम वाटला नाही. पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तो तुकडा झीज तपासायच्या मशीनवर चढवून ठेवला. तीन आठवडे रात्रंदिवस मशीन चाललं, तरी एका दिवसात टेफ्लॉन जेवढं झिजायचं तेवढंसुद्धा ते झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली पॉलिएथिलीनची वाटी बसली. हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांसारख्या जागेतलं प्लास्टिक माणसाच्या कमरेत जाऊन बसलं म्हणायचं! त्या क्रेव्हनचं नाव फारसं कुणी घेत नाही, हे मात्र खटकतं.

पण झीज थांबली नाही, फक्त मंदावली. जुन्या पॉलिएथिलीनची वाटी वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर झिजते. ऐकायला काहीच नाही. पण ही झीज मायक्रॉनहूनही बारीक कणांची असते आणि एका वर्षात असे अब्जावधी कण पडतात. शरीरातल्या पेशी ते कण गिळतात. त्यांना ते पचत नाहीत, आणि चिडलेल्या पेशी असे रासायनिक निरोप सोडतात की आजूबाजूचं हाडच विरघळू लागतं. म्हणजे पार्ट तुटत नाही, पार्टच्या भोवतालचं फाउंडेशन नाहीसं होतं. आणि हे होत असताना बरीच वर्षं काहीही दुखत नाही! अलीकडे क्रॉस-लिंक केलेलं पॉलिएथिलीन आणि सिरॅमिकचे बॉल आले, त्यांची झीज बरीच कमी आहे. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेले खुबे आत्ता रिव्हिजनला येतात, ते जुन्या मालाचे.

आता कुणी म्हणेल, हा म्हाताऱ्या माणसांचा विषय, आपण विशीतल्या पोरांनी कशाला वाचायचा? तर आपल्या विदर्भात तो म्हाताऱ्यांपुरता राहिलेला नाही. इथे सिकलसेल आहे. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आधीच मोजक्या, त्या तुंबल्या की डोकं आतल्या आत मरतं आणि एक दिवस खाली बसतं. ए.व्ही.एन. म्हणतात तो हाच. तो दारूने होतो, स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही होतो. कोरोनात स्टिरॉइड घेतलेल्या काही तरुण रुग्णांमध्ये तो दिसल्याचं 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. पण सिकलसेलमध्ये तो पंचविशीच्या आतही गाठतो. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय, सावंगीला विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशी दोन मेडिकल कॉलेजची दवाखाने असलेला आपला जिल्हा आहे. तिथल्या ऑर्थोच्या ओपीडीबाहेर कधी बसून बघा, कुबड्या घेतलेली सगळीच माणसं पांढऱ्या केसांची नसतात.

माझा मावसभाऊ त्यांच्यातलाच. त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो. राहतो देवळीकडे, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. लहानपणापासून सिकल. 2010 मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, त्याचा डावा खुबा नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात बदलला. दहा-अकरा वर्षं छान गेली. लग्न झालं, मुलगी झाली, गाडी चालवायला लागला. डॉक्टरांनी वर्षातून एकदा एक्स-रे काढायला सांगितला होता. पण दुखत नसताना पैसे घालून एक्स-रे काढायला आपल्याकडे कोण जातं? मग जांघेत दुखणं सुरू झालं. खुब्याचं दुखणं पुढे जांघेत येतं, कधीकधी गुडघ्यातच जाणवतं, म्हणून काही महिने गुडघ्याला बाम चोळण्यात गेले. एक्स-रे काढला तेव्हा बॉल वाटीच्या मध्यभागी नव्हता, वर सरकलेला होता, आणि वाटीमागचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं.

मावशीचा पहिला प्रश्न होता, "एकदा तं झालं ना ऑपरेशन, आता पुन्हा काहाले?" दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "तू इंजिनिअर होऊन राहिली ना, समजावून सांग बरं तिले."

मी माझ्या परीने सांगितलं. डॉक्टरांनी त्याहून चांगलं सांगितलं. पहिल्या ऑपरेशनला हाड शाबूत असतं, नवीन प्लॉटवर बांधकाम केल्यासारखं. रिव्हिजनमध्ये जुनं बांधकाम आधी काढावं लागतं आणि काढताना उरलेलं हाड वाचवायचं असतं. वाटी सैल झाली असेल तर निघते तरी, पण मागे खड्डा असतो. तो भरायला मोठी वाटी, स्क्रू, सच्छिद्र धातूचे तुकडे किंवा हाडाचा चुरा वापरतात. हाडाचा चुरा ठोकून-ठोकून बसवायची एक पद्धत आहे, ती ऐकून मला सिव्हिलवाल्यांची प्रॉक्टर टेस्टच आठवली. दांडा मात्र कधीकधी इतका घट्ट असतो की तो काढण्यासाठी मांडीच्या हाडाची एक लांब फळी खिडकीसारखी कापून उघडावी लागते आणि नंतर तारांनी बांधावी लागते. मग पहिल्यापेक्षा लांब दांडा घालतात, कारण वरच्या हाडाची पकड गेलेली असते.

घट्ट आणि चांगल्या जागी असलेला दांडा शक्यतो काढत नाहीत, फक्त वाटी आणि बॉल बदलतात. दादाचा दांडा घट्ट होता. इथेच खरी अडचण आली. दांड्याच्या मानेवर टेपर असतो, त्यावर बॉल ठोकून बसवतात. लेथच्या टेलस्टॉकमध्ये सेंटर बसवतो त्याच तत्त्वावर. टेपरचा कोन आणि फिनिश कंपनीगणिक थोडा थोडा वेगळा. चुकीचा बॉल बसवला तर तिथे घासून, गंजून धातू झिजतो. म्हणून दांडा कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, हे आधी कळायला हवं. आणि ते आमच्याकडे नव्हतं. डिस्चार्ज कार्डवर 'टोटल हिप रिप्लेसमेंट, लेफ्ट' एवढंच. पहिल्या दवाखान्यात चौकशी केली तर इतके जुने कागद ठेवलेले नाहीत, असं उत्तर मिळालं. दांड्याचा आकार एक्स-रेवरून ओळखायला तो डीलरांना पाठवला, एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. या सगळ्यात दोन महिने गेले. एका चार इंची स्टिकरसाठी दोन महिने!

शेवटी 2023 मध्ये जिल्ह्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं. थिएटरबाहेर तीन कंपन्यांचे सेट तयार ठेवले होते. बॉल काढल्यावर मानेवरची खूण वाचता आली आणि त्यातला एक जुळला. जुळला नसता तर घट्ट दांडाही काढायची तयारी होती. आम्ही बाहेर साडेचार तास बसलो होतो. मावशी एकदाही उठली नाही.

आता धोक्यांबद्दल, कारण सही करायच्या फॉर्मवर ते इंग्रजीत छापलेले असतात आणि कुणी वाचत नाही. पहिला धोका जंतुसंसर्गाचा. मूळ ऑपरेशनमध्ये तो शंभरात साधारण एकाला होतो, रिव्हिजनमध्ये त्याहून जास्त. रिव्हिजनच्या आधीच सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासतात, कारण सैल होण्याचं मूळ कारण दबून बसलेला संसर्गच असू शकतो. तसं निघालं तर बहुतेक वेळा दोन टप्प्यांत काम चालतं. आधी सगळं काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता खुबा बसवतात, काही आठवडे औषधं देतात आणि मग पुन्हा ऑपरेशन. ते मधले दिवस पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी फार कठीण. दुसरा धोका बॉल वाटीतून निसटण्याचा. स्नायू आधीच एकदा कापलेले आणि अशक्त, म्हणून रिव्हिजननंतर तो कित्येक पटींनी वाढतो. शिवाय हाड तडकणं, नसेला इजा, पाय लांब-आखूड होणं, रक्तस्राव, पायातल्या शिरेत गुठळी. सिकलवाल्यांना यात भर पडते. त्यांच्या हाडाची पोकळी कधीकधी टणक आणि अरुंद झालेली असते, संसर्गाची भीती जास्त, आणि रक्त कमी पडलं, शरीर थंड पडलं किंवा पाणी कमी झालं की क्रायसिस येऊ शकतो. दादाला म्हणूनच आधी रक्त चढवलं होतं.

आणि वयाचा आकडाही सांगते. ब्रिटनमधल्या नोंदींवर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सत्तरीनंतर खुबा बदललेल्यांना उरलेल्या आयुष्यात रिव्हिजन लागण्याची शक्यता सुमारे 5 टक्के निघाली. पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांमध्ये तीच कितीतरी जास्त. सव्विशीसाठी काय ते तुम्हीच समजा. तरुण पेशंटला डॉक्टर "थोडं थांबू" म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नाही. पण थांबणं म्हणजे दुखणं सोसणं, नोकरी सोडणं, हेही तितकंच खरं. दादाला मी विचारलं होतं, 2010 ला थांबला असतास तर? तो म्हणाला, "थांबलो असतो तं लग्न झालं असतं का?"

स्टिकर नसण्याची गोष्ट आमच्या एका घरापुरती असती तर मी हा लेखच लिहिला नसता. ती साऱ्या देशाची झाली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुबा होता, बॉलही धातूचा आणि वाटीही धातूची, कोबाल्ट-क्रोमियमची. प्लास्टिकच नाही तर प्लास्टिकची झीज नाही, हा विचार. कागदावर बरोबरच दिसतो. पण वाटी अर्ध्या गोलापेक्षा उथळ होती. ती किंचित तिरपी बसली तरी लोड कडेवर यायचा, वंगणाचा थर तुटायचा आणि धातू धातूवर घासायचा. मग कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात जायचं, सांध्याभोवतीचं मांस मरायचं, गाठी व्हायच्या. ऑस्ट्रेलियात नोंदवहीमुळे हे लवकर लक्षात आलं आणि 2009 च्या डिसेंबरात तिथल्या बाजारातून हा खुबा काढून घेतला गेला. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तेव्हा पाच वर्षांतच 12 ते 13 टक्के रुग्णांना रिव्हिजन लागल्याचे आकडे समोर आले होते. आपल्या एल-टेनच्या भाषेत पंधरा वर्षांऐवजी पाच वर्षंही नाहीत! जगभरात सुमारे 93,000 लोकांच्या अंगात हा खुबा होता, भारतात सुमारे 4,700 ऑपरेशनं झाली होती.

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने 2017 साली डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 2018 मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस भरपाईचं सूत्र ठरलं, 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत. यात सूत्र अगदी आपल्यासारखं, वय आणि अपंगत्वाचा टक्का घालून काढलेलं. पण भरपाई कुणाला द्यायची? 4,700 पैकी सुमारे 3,600 रुग्णांचा पत्ताच लागला नाही. त्यांच्या अंगात कुठला धातू आहे हे त्यांनाच माहीत नसावं. स्वीडनमध्ये प्रत्येक खुब्याची राष्ट्रीय नोंद 1979 पासून होते. आपल्याकडे शल्यचिकित्सकांच्या संघटनेने नोंदवही सुरू केली, पण ती स्वेच्छेची. 2018 च्या जानेवारीपासून वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम लागू झाले ते चांगलंच, मात्र 2010 चा पेशंट त्यात मागे जाऊन कसा बसणार?

तर तुमच्या घरात कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलायचा असेल, तर ऑपरेशनच्या दिवशीच स्टिकर मागून घ्या. प्रत्येक पार्टच्या खोक्यात कंपनी, मॉडेल, साइज आणि लॉट नंबर छापलेले स्टिकर येतात. ते केसपेपरवर चिकटवतात, एक संच डिस्चार्ज कार्डवरही मागता येतो. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा, कारण पुढचे सगळे त्याच्याशीच ताडून बघायचे असतात. दुखत नसलं तरी डॉक्टर सांगतील त्या अंतराने एक्स-रे काढा. दात काढायचा असेल, कुठे गळू झालं असेल, तर खुबा बदललेला आहे हे त्या डॉक्टरला सांगा. रिव्हिजन सुचवली असेल तर आधी संसर्गाची तपासणी झाली का, वाटीच बदलणार की दांडाही, आणि असं ऑपरेशन ते डॉक्टर नेहमी करतात का, हे विचारायला लाजू नका.

दादाला सहा आठवडे वॉकरवर पूर्ण वजन टाकायची मनाई होती. आता तो दुकानात बसतो, बाहेर निघाला तर काठी घेतो, उजव्या हातात. मांडी घालून जेवायला बसता येत नाही, थोडं लंगडतो, पहिल्या ऑपरेशननंतर चालायचा तितकं चालवत नाही. रात्री झोप लागते. उजव्या खुब्यातही ए.व्ही.एन. सुरू झाल्याचं एम.आर.आय.मध्ये दिसलंय, पण डोकं अजून गोल आहे. तो किती वर्षं काढता येईल ते बघू असं डॉक्टर म्हणालेत. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर आहे.